पहिला बर्फ फसवा असतो

हिमालयात जाणाऱ्या आपल्या मुलांसाठी आणि त्यांची वाट पाहणाऱ्या घरच्यांसाठी

गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली, खीरदान झाले आणि मंडळी पांगू लागली, तेव्हा वस्तीतल्या एका मावशींनी आम्हांला हाक मारली. मावशींची उभी हयात महापालिकेच्या झाडू खात्यात गेली. धाकटा मुलगा आयटीआय करून एका कारखान्यात कंत्राटी कामावर लागला आहे. कारखान्यातल्या चार मित्रांसोबत त्याने डिसेंबरात हिमालयात ट्रेकला जायचे ठरवले आहे. पैसे तेवढे भरायचे राहिले आहेत.

मावशी म्हणाल्या, "दादा, पोरगं ऐकत नाही. म्हणतो, डिसेंबरात बर्फ नुकता कुठं पडायला लागतो, थोडाच असतो, भ्यायचं काय? पण टीव्हीवर दाखवतात ना, बर्फाखाली माणसं गेली म्हणून. मला एक सांगा, बर्फ तर कापसावानी भुरभुर पडतो. त्यानं माणूस मरतो कसा?"

प्रश्न साधा होता, पण त्या वेळी आम्हांला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. घरी येऊन पुस्तके चाळली. गिर्यारोहणाचे शिक्षण घेतलेल्या आपल्याच दोन मुलांना गाठले. जे हाती लागले ते मावशींबरोबर सर्वच वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावे असे वाटले. कारण आपल्या घरची मुले आज अनेक वाटांनी हिमालयात जातात. कोणी फौजेत असतो, कोणी रस्त्याच्या किंवा बोगद्याच्या कामावर असतो, कोणी चार पैसे साठवून हौसेने जातो. सह्याद्रीत वाढलेल्या आपल्याला पाऊस कळतो, दरड कळते. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातले माळीण गाव दरडीखाली गेले आणि १५१ माणसे गाडली गेली, ते आपण विसरलेलो नाही. बर्फाची दरड मात्र आपल्या ओळखीची नाही. हिमस्खलन म्हणतात ते हेच.

कापूस नव्हे, सिमेंट

मावशींचे खरे आहे. आकाशातून पडताना बर्फ कापसासारखाच हलका असतो. पण डोंगरउतारावर साठलेला बर्फ एकदम सुटतो तेव्हा तो ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने खाली येऊ शकतो. येताना त्याचे कण एकमेकांवर घासतात, चुरडतात, दाबले जातात. तळाशी येऊन थांबला की काही क्षणांत तो थिजून घट्ट होतो. लांबी, रुंदी आणि उंची एक-एक मीटर धरली तर अशा बर्फाचा ढीग तीनशे ते पाचशे किलो भरतो. म्हणजे सिमेंटच्या सहा ते दहा गोण्या! बांधकामावर राबणाऱ्या आमच्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको. आत सापडलेल्या माणसाला बोटही हलवता येत नाही.

बहुतेक जण थंडीने मरत नाहीत, ते गुदमरून मरतात. म्हणून इथे घड्याळाला फार मोल आहे. परदेशात अशा अपघातांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या गेल्या आहेत. त्यांवरून दिसते की गाडलेल्या माणसांना पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले तर दहांपैकी नऊ जण वाचतात. अर्धा तास उलटला की दहांपैकी तीन-चारच वाचतात. हेलिकॉप्टर येईपर्यंत बहुतेक वेळा हा अवधी संपलेला असतो. गाडलेल्याला वाचवू शकतो तो शेजारी चालणारा सोबतीच.

साखरेवर टाकलेला स्लॅब

आता मुलाच्या म्हणण्याकडे वळू. बर्फ थोडा आहे, म्हणून धोका थोडा आहे, हे त्याचे म्हणणे वरवर पटते. पण नेमके इथेच भले भले फसले आहेत.

हिमालयात पावसाळा सरता सरता अतिउंच शिखरांवर नवा बर्फ पडू लागतो. नोव्हेंबर-डिसेंबरात तो खालच्या खिंडी आणि कुरणांपर्यंत उतरतो. हा पहिला थर पातळ असतो, हात-दीड हात. त्याच्या खालची जमीन उन्हाळ्यातली ऊब धरून असते, म्हणून बर्फाचा तळ शून्य अंशाच्या आसपास राहतो. वर मात्र निरभ्र रात्री पारा उणे पंधरा-वीसपर्यंत उतरतो. खाली ऊब, वर कडाका आणि मध्ये पातळसा थर. या फरकामुळे तळातली वाफ वर सरकत राहते आणि बर्फाच्या कणांचे रूप पालटते. ते मोठे, कोरडे, कंगोरेदार होतात. मुठीत घेतले तर जाड साखरेसारखे बोटांतून निसटतात. एकमेकांना चिकटत नाहीत. थर जितका पातळ, तितका हा बदल जोरात होतो. बर्फ भरपूर साठला असता तर त्याने तळाला गोधडीसारखे झाकले असते आणि हे इतके झाले नसते.

पुढे महिनाभराने मोठी बर्फवृष्टी होते, वारा सुटतो. नवा बर्फ या साखरेवर पडून दाबला जातो आणि त्याचा सलग, कडक थर बनतो. गिर्यारोहक त्याला स्लॅबच म्हणतात. सेंट्रिंग न लावता, साखरेच्या ढिगावर स्लॅब टाकला तर काय होईल ते गवंड्याला विचारा! वरून सगळे पांढरे, गुळगुळीत, भक्कम दिसते. कोणीतरी त्यावर पाऊल टाकतो, खालची साखर खचते आणि अख्खा स्लॅब काचेसारखा तडकून माणसासकट खाली सरकतो. गिर्यारोहक आणि बर्फावर घसरणारे स्कीपटू यांच्या जीवघेण्या अपघातांत दहांपैकी नऊ वेळा हा बर्फ मेलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच पावलाने सुटलेला असतो. हे वाचून धडकी भरते, पण आशाही इथेच आहे. पाऊल माणसाचे असेल तर ते आवरताही येते.

सगळा हिमालय एकसारखा नाही, हेही ध्यानात घ्यावे. काश्मीर आणि हिमाचलच्या पीर पंजाल रांगेत बर्फ ओलसर आणि भरपूर पडतो. तिथे मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे एक-दोन दिवस वाईट असतात. सियाचीनच्या काराकोरम रांगेत थंडी कोरडी आणि कडक असते. तिथे साखरेचा थर दीर्घकाळ टिकून राहतो आणि बर्फ थांबून कितीतरी दिवस झाले तरी धोका सरत नाही.

ऑक्टोबरातल्या दोन सकाळी

उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात द्रौपदी का डांडा नावाचा डोंगर आहे. त्याचे दुसरे शिखर सुमारे ५,६७० मीटर उंच आहे. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून मुलामुलींना शिकवते आणि तिचे पुढच्या पायरीचे प्रशिक्षण या शिखरावर होत असे. ४ ऑक्टोबर २०२२ ला सकाळी पावणेनऊच्या सुमारास संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक या शिखराच्या उतारावर असताना हिमस्खलन झाले. बर्फाने त्यांना लोटत नेऊन एका खोल हिमभेगेत टाकले. २७ मृतदेह मिळाले, दोघांचा पत्ता लागला नाही.

मेलेल्यांत सविता कंसवाल ही प्रशिक्षक होती. उत्तरकाशीजवळच्या खेड्यातली, गरीब शेतकऱ्याची लेक. त्याच वर्षी मे महिन्यात तिने एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन शिखरे सोळा दिवसांच्या आत सर केली होती. असे करणारी ती पहिली भारतीय महिला. तिला तेनझिंग नोर्गे राष्ट्रीय साहस पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आम्ही हे मुद्दाम सांगतो. बर्फ माणसाची कर्तबगारी पाहत नाही. ज्याला येते तोही सापडतो. मग ज्याला काहीच ठाऊक नाही त्याने किती जपावे?

दुसरी सकाळ १४ ऑक्टोबर २०१४ ची, नेपाळातली. ऑक्टोबर म्हणजे अन्नपूर्णेच्या वाटेवर आल्हाददायक हवेचा महिना. जगभरचे लोक तेव्हा ५,४१६ मीटरवरची थोरोंग ला खिंड ओलांडतात. दोनच दिवसांपूर्वी, १२ ऑक्टोबरला, हुदहुद नावाचे चक्रीवादळ आंध्रातल्या विशाखापट्टणमला धडकले होते. तेच ढग उत्तरेला सरकत हिमालयावर गेले आणि खिंडीत कमरेएवढा बर्फ पडला. गारठ्याने, वाट चुकून आणि हिमस्खलनात या भागात किमान ४३ माणसे मेली. त्यांत परदेशी पाहुणे होते, भारतीय होते आणि नेपाळी वाटाडे, हमाल आणि याक राखणारेही होते. वादळाची बातमी आधीच साऱ्या जगाला ठाऊक होती. पण समुद्रावरचे वादळ आणि डोंगरावरचा बर्फ यांचा संबंध वाटेवरच्या माणसांपर्यंत वेळेवर पोहोचला नाही.

दैव नव्हे, कारण

असे काही झाले की लोक म्हणतात, डोंगराचा कोप झाला, देवीची मर्जी फिरली, त्याची वेळच आली होती. आपण धम्माच्या वाटेने चालणारी माणसे. तथागतांनी आपल्याला शिकवले की प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि कारण दूर झाले की परिणामही टळतो. कालामांना त्यांनी सांगितले की परंपरा सांगते म्हणून किंवा मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. बर्फाच्या उतारावर उभे राहिल्यावर ही शिकवण जितकी उपयोगी पडते तितकी दुसरी कोणती पडत असेल असे आम्हांला वाटत नाही. 'कालचे लोक याच वाटेने गेले, आपणही जाऊ,' ही परंपरा झाली. 'लीडर म्हणतो ना, मग झाले,' हा मोठ्यांचा शब्द झाला. दोन्हींनी माणसे मेली आहेत.

मग तपासायचे काय? तर पुढील गोष्टी.

पहिली, उतार. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार सर्वांत धोक्याचा. अंश कसे ओळखायचे? आपल्या चाळीचा जिना आठवा. जिन्याएवढा चढ आणि त्यावर बर्फ दिसला की सावध. त्याहून सपाट जागेवर बर्फ सहसा सुटत नाही. पण तुम्ही सपाटीवर असलात आणि डोक्यावर जिन्यासारखा उतार असला, तर वरचा बर्फ तुमच्यावर येणारच. म्हणून पायाखाली पाहावे तसे वरही पाहावे.

दुसरी, नवा बर्फ. एका दिवसात फूटभर किंवा अधिक बर्फ पडला असेल तर पुढचा किमान एक दिवस, शक्यतो दोन दिवस, उताराला पाय लावू नये.

तिसरी, वारा. वारा एका बाजूचा बर्फ उचलून धारेपलीकडे नेऊन टाकतो. बर्फ पडत नसला तरी त्या पलीकडच्या बाजूला स्लॅब चढत जातो.

चौथी, ऊन. थंडीनंतर हवा एकाएकी उबदार झाली, दगडांवरून पाणी गळू लागले, की बर्फाची पकड ढिली होते. म्हणून अशा वाटा पहाटे चालून दुपारच्या आत संपवतात.

पाचवी, बर्फाने स्वतः दिलेली सूचना. शेजारच्या उतारावर नुकताच सुटलेला बर्फ दिसणे, पाय टाकताच बर्फाला लांबवर तडा जाणे, आणि पायाखालून 'धप्' असा पोकळ, दबका आवाज येणे. हा आवाज म्हणजे खालची साखर खचल्याचा आवाज. तो ऐकल्यावर पुढे एक पाऊलही टाकायचे नाही. आल्या पावली मागे फिरायचे.

पहिल्या बर्फात आणखी एक फसगत असते. पातळ थराखाली खडक, ओंडके आणि हिमभेगा झाकल्या जातात, भरून निघत नाहीत. त्यामुळे लहानसा बर्फ सुटला तरी माणूस दगडांवर आपटतो किंवा भेगेत जातो.

पुढे चालायला लावलेली माणसे

हौसेने जाणारा घरी बसू शकतो. पण ज्याला पोटासाठी किंवा हुकमासाठी जावे लागते त्याचे काय? हा प्रश्न आपल्या साप्ताहिकाने विचारायचा नाही तर कोणी विचारायचा?

एव्हरेस्टच्या मोहिमांत डोंगरावर झालेल्या मृत्यूंचा इतिहासच हमालांपासून सुरू होतो. ७ जून १९२२. जॉर्ज मॅलरी आणि त्याचे दोन इंग्रज सोबती चौदा हमालांना घेऊन उत्तरेच्या खिंडीकडे चढत होते. काही दिवसांपूर्वीच पावसाळ्याचा ताजा बर्फ पडला होता. बर्फ सुटला. नऊ हमाल खालच्या भेगेत फेकले गेले, दोघे जिवंत निघाले, सात मेले. इंग्रज तिघेही वाचले. त्यांतल्या सॉमरवेलला पुढे फार पश्चात्ताप झाला. आपल्यापैकी एकही का मेला नाही, असे त्याच्या मनाला लागून राहिले. मेलेले सातही जण ओझी वाहणारे, हिमालयातले गरीब कष्टकरी होते.

१८ एप्रिल २०१४ ला एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात वरचा बर्फाचा कडा तुटून सोळा नेपाळी कामगार ठार झाले. बहुतेक शेर्पा, म्हणजे बौद्धच. नेपाळ सरकारने सुरुवातीला प्रत्येक कुटुंबाला चाळीस हजार नेपाळी रुपये जाहीर केले. शेर्पांनी ओझी खाली ठेवली. विमा वाढवा, घरच्यांची सोय करा, मेलेल्यांचा मान राखा, असे त्यांचे मागणे होते. त्या वर्षी नेपाळच्या बाजूने एव्हरेस्टचा हंगाम जवळजवळ बंद पडला. पुढे विम्याची रक्कम वाढवावी लागली. संघटित झाल्याशिवाय पदरात काही पडत नाही, हा धडा हिमालयातही तोच आहे.

आपल्या देशातलेच पाहा. १८ नोव्हेंबर २०१९ ला, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर, सियाचीनच्या उत्तर भागात आठ जणांची एक गस्त बर्फाखाली सापडली. चार जवान आणि दोन हमाल मेले. त्याआधी ३ फेब्रुवारी २०१६ ला तिथल्याच सोनम चौकीवर बर्फ कोसळून दहा जवान गेले. त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातला एक होता.

आणि २८ फेब्रुवारी २०२५ ची पहाट. बद्रीनाथजवळच्या माणा गावाशी रस्त्यावरचा बर्फ काढणारे ५४ मजूर लोखंडी कंटेनरमध्ये मुक्कामाला होते. त्यांच्यावर हिमस्खलन झाले. लष्कराने आणि इतरांनी शर्थ करून ४६ जणांना वाचवले. कंटेनरमुळे अनेकांचा जीव राहिला. आठ जण मेले. आदल्या संध्याकाळीच चंदीगडच्या संस्थेने चमोली जिल्ह्याच्या उंच भागासाठी हिमस्खलनाचा इशारा दिला होता. इशारा कागदावर होता आणि मजूर त्याच उताराखाली झोपले होते.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते तेव्हा, डिसेंबर १९४३ मध्ये, ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. मजूर कुठे आणि कसा काम करतो ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढच्याच वर्षी कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. खाणीत दगड डोक्यावर असतो, डोंगरात बर्फ असतो. मजुराची वस्ती कोणत्या उताराखाली टाकली, इशारा त्याला त्याच्या भाषेत सांगितला का, इशाऱ्याच्या दिवशी काम थांबवले तर त्याची मजुरी कापली का, विमा कोणाच्या नावे आहे, हे प्रश्न कंत्राटदाराला विचारण्याचा हक्क मजुराला आहे. घरातून कोणी अशा कामावर जात असेल तर निघण्यापूर्वीच हे विचारून घ्यावे आणि कंत्राटाचा कागद घरी ठेवून घ्यावा.

कापून ठेवण्याजोगे

पुढचा मजकूर कात्रीने कापून ठेवावा.

निघण्यापूर्वी : मनालीत १९६९ मध्ये बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था सुरू झाली. २०२० पासून ती संरक्षण खात्याच्या डीजीआरई या चंदीगडच्या संस्थेत विलीन आहे. ही संस्था जिल्हावार इशारे देते. ते इशारे आणि हवामान खात्याचा अंदाज रोज पाहावा. बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात वादळ असेल तर विशेष लक्ष द्यावे. घरी वाटेचा कागद, सोबत्यांची नावे आणि परतीचा दिवस लिहून ठेवावा. वनखात्याच्या किंवा पोलिसांच्या नाक्यावर नोंद करावी.

सोबत : बर्फाच्या उतारावर जायचे असेल तर प्रत्येकाजवळ तीन वस्तू हव्यात. अंगावर बांधायचे संदेश देणारे-घेणारे यंत्र, ज्याला ट्रान्सीव्हर म्हणतात. बर्फात खुपसून माणूस शोधायची घडीची लांब काठी. आणि धातूचे फावडे. तिन्हींचा सराव आधी केलेला हवा. पिशवीत बांधून ठेवलेले यंत्र कोणाला वाचवत नाही. आणि ही यंत्रे आहेत म्हणून धाडस वाढवायचे नाही.

चालताना : शक्यतो धारेवरून किंवा दाट झाडीतून जावे. घळीत, नाळेत आणि उताराच्या तळाशी थांबू नये, तंबू तर मुळीच ठोकू नये. धोक्याचा पट्टा ओलांडावाच लागला तर एकेकाने ओलांडावा. बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी. पाठपिशवीचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडून ठेवावेत.

सापडल्यास : ओरडून सोबत्यांना सावध करावे. बाजूला निघण्याची धडपड करावी, वर राहण्यासाठी हातपाय मारावेत. वेग मंदावू लागला की हात तोंडासमोर आणून श्वासापुरती पोकळी करावी. बर्फ थिजल्यावर हे जमत नाही.

सोबती गाडला गेल्यास : तो शेवटचा कुठे दिसला ती जागा पक्की ध्यानात ठेवावी. वरून आणखी बर्फ येत नाही ना, ते पाहावे आणि लगेच शोधायला लागावे. सगळ्यांनी मदत आणायला धावू नये. माणसे जास्त असतील तर एकाने ११२ वर किंवा जवळच्या चौकीला कळवावे, बाकीच्यांनी खणावे. आधी तोंड आणि नाक मोकळे करावे, श्वास नसेल तर कृत्रिम श्वास द्यावा. अंग चोळू नये, दारू पाजू नये. कोरड्या कपड्यात गुंडाळून, फार न हलवता खाली न्यावे.

डोंगर आपलाही आहे

हे सगळे वाचून एखादी आई म्हणेल, नकोच ते जाणे. आमचे म्हणणे तसे नाही. शतकानुशतके आपल्याला गावाची वेस सोडून वर पाहू दिले नाही. आता पाहतो आहोत तर भिऊन खाली का पाहावे? तेनझिंग नोर्गे १९३५ मध्ये इंग्रजांची ओझी वाहणारा हमाल म्हणून एव्हरेस्टकडे गेले आणि २९ मे १९५३ ला त्याच शिखरावर उभे राहिले. पुढे दार्जिलिंगच्या संस्थेत त्यांनी पिढ्या घडवल्या. २०१८ च्या मे महिन्यात आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले, त्यांत एक मुलगी होती. ती मुले अचानक गेली नव्हती. त्यांची कित्येक महिने कसून तयारी करून घेतली होती.

ज्याला खरोखर बर्फात जायचे आहे त्याने आधी शिकावे. उत्तरकाशी आणि दार्जिलिंगच्या संस्थांत महिनाभराचे प्राथमिक प्रशिक्षण असते. वस्तीतल्या मंडळांनी दरवर्षी एखाद्या होतकरू मुला-मुलीचा खर्च उचलला तर जयंतीच्या वर्गणीचे सार्थकच होईल. शिकून आलेल्याने विहारात चार मुलांना शिकवावे.

आणि सर्वांत मोठी शिकवण ती परत फिरण्याची. तथागतांनी अखेरच्या क्षणीही भिक्खूंना अप्रमादाचा, म्हणजे जागेपणाचा, उपदेश केला. वर्षभर पैसे साठवलेले असतात, रजा मोठ्या मुश्किलीने मिळालेली असते, शिखर समोर दिसत असते. अशा वेळी 'आज नको' म्हणायला जागेपणा लागतो. त्यात कमीपणा कसला? डोंगर पुढच्या वर्षीही तिथेच असतो.

हा मजकूर लिहून झाल्यावर आम्ही तो मावशींच्या घरी नेला. मुलानेच तो मोठ्याने वाचून दाखवला. त्याने आणि त्याच्या मित्रांनी त्यातून पाच प्रश्न काढले आणि दुसऱ्या दिवशी ट्रेक नेणाऱ्यांना फोनवर विचारले. वाटेत जिन्यासारखे उतार किती, इशारा असला तर काय करता, साधने कोणती, वाटाड्यांचे शिक्षण काय, परत फिरावे लागले तर पैशांचे काय. तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली. उतार आणि इशारा या दोहोंवर पलीकडचा माणूस हसून म्हणाला, "आमच्या ट्रेकवर असं काही होत नाही." पोरांनी पैसे भरले नाहीत. आता ते दुसरी संस्था शोधत आहेत, तीही हेच पाच प्रश्न विचारून.

आम्ही निघालो तेव्हा मावशी चाळीच्या जिन्यापर्यंत सोडायला आल्या. जिन्याच्या पायऱ्यांकडे खालपासून वरपर्यंत त्यांनी एकदा पाहून घेतले आणि मुलाला म्हणाल्या, "बघून ठेव रं. एवढा चढ आन् त्यावर बर्फ दिसला, तर मागं फिर. शिखर न बघता आलास तरी मी पेढे वाटीन."